करंगळी वर झाली की : बालवाडी ते दुसरीच्या वर्गात लघवी-संडासचे नियम कसे बसवावेत

जूनमध्ये पहिलीचा वर्ग हाती आला की पहिल्याच तासाला एक करंगळी वर होते. "बाई, एकीला जाऊ?" ती खाली येते न येते तोच दुसरी, मग मागच्या ओळीतून आणखी चार. शिक्षक नवीन असेल तर त्याला वाटतं, वर्ग हातातून चालला. मग तोंडून ते वाक्य निघतं, जे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं असतं : "आत्ताच आलास ना घरून? मधल्या सुट्टीत जा."

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी हे वाक्य एका मुलाला म्हटलं. तो गुपचूप खाली बसला. दहा मिनिटांनी बसकरपट्टीवर ओल पसरली, शेजारची मुलं सरकली, कुणीतरी हसलं. पुढचे चार दिवस तो शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी आजी त्याला घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, पोरगं सकाळपासून पाणीच पीत न्हाई. म्हणतंय, शाळेत लागंल." सहा वर्षांच्या मुलानं माझ्या नियमावर काढलेला तो तोडगा होता. त्या दिवसापासून माझ्या वर्गात एकच गोष्ट पक्की आहे : लघवी लागली की मूल ते सांगतं, परवानगी मागत नाही. बाकीची सगळी व्यवस्था या एका वाक्याभोवती बसवायची असते, आणि ती कशी बसवायची ते इथे क्रमानं सांगते. बालवाडी, पहिली, दुसरीच्या शिक्षकांसाठी हे आहेच. पालकांनीही वाचावं, कारण अर्धं काम घरी होतं.

आधी शरीराचा हिशेब

लहान मुलाच्या मूत्राशयात किती मावतं याचा डॉक्टर एक सोपा अंदाज बांधतात : वयात दोन मिळवायचे आणि तीसनं गुणायचं, उत्तर मिलिलिटरमध्ये. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचं साधारण २१० मिली, सहा वर्षांच्या मुलाचं २४०. एक बऱ्यापैकी पेला. मोठ्या माणसाची पिशवी याच्या जवळपास दुप्पट असते, म्हणून आपल्याला जे सहज जमतं ते त्याला जमत नाही. या वयाचं निरोगी मूल दिवसात चार ते सात वेळा लघवीला जातं, म्हणजे जागेपणी दर दोन-तीन तासांनी. पावसाळ्यात आणि थंडीत जास्तच, कारण घाम कमी येतो.

दुसरी गोष्ट, लागल्याची जाणीव लहान मुलांना उशिरा होते. खेळात, गोष्टीत, चित्रात डोकं अडकलेलं असतं. "लागली" असं कळलं की मध्ये फार वेळ उरलेला नसतो. त्यामुळे "पाच मिनिटं थांब" या आपल्या वाक्यातली पाच मिनिटं त्याच्याकडे बहुतेक वेळा नसतातच.

रोज दाबून ठेवायची सवय लागली तर लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वाढते. मुलींची मूत्रनलिका आखूड असल्यानं त्यांना हा त्रास जास्त होतो. शी दाबून ठेवणाऱ्या मुलाला बद्धकोष्ठता होते. भरलेलं मोठं आतडं मूत्राशयावर दाब देतं आणि मग लघवी न कळत सुटायला लागते. चड्डी ओली होणाऱ्या बऱ्याच मुलांचं मूळ दुखणं पोटात असतं, हे मला फार उशिरा कळलं.

लाजरी मुलं करंगळी वर करतच नाहीत. त्यांचं अंग बोलतं. पायाला पाय घट्ट लावणं, टाचेवर बसून डुलणं, चड्डी धरणं, मगाशी बडबडणारं मूल एकाएकी गप्प होणं. हे दिसलं की शेजारी जाऊन हळूच विचारा, "चल, जाऊन येतोस?" सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं विचारू नका.

शाळा उघडण्याआधी ती वाट स्वतः चालून बघा

वर्गापासून संडासापर्यंत स्वतः जा, आणि जाताना गुडघ्यात वाकून, मुलाच्या उंचीवरून बघा. मोठ्या माणसाला जे दिसत नाही ते तिथून दिसतं. दिव्याचं बटण हाताला लागत नाही. कडी वर आहे, किंवा इतकी घट्ट आहे की आतून लागली तर उघडणार नाही. पावसात वाटेवर शेवाळ धरतं. कोपऱ्यात कुत्री बसते. पाण्याचा हौद उंच आहे आणि पाणी काढायचा मग त्याच्या तळाशी आहे. पहिल्या दिवशी वर्गातलं सगळ्यात बुटकं मूल बरोबर घ्या आणि नळ, कडी, बटण, मुतारीचं भांडं, सगळ्याची उंची त्याच्यावरून ठरवा. उंची बदलता येत नसेल तिथे पक्की पायरी बांधून घ्या. सुट्या विटा ठेवू नका, त्या डगमगतात.

कडीचं जरा जास्त सांगते. आत अडकण्याची भीती मुलाला एकदा बसली की ते वर्षभर संडासात जात नाही. लहान मुलांच्या दाराची कडी बाहेरूनही उघडता येईल अशी हवी. नाहीतर सरळ काढून टाका आणि दारावर फिरवायची पाटी लावा, एका बाजूला हिरवा रंग, दुसऱ्या बाजूला लाल. "आधी टकटक, मग दार" हे शिकवलं की कडीवाचून चालतं.

आता कुलपाबद्दल. बांधलेलं चांगलं संडास पाहुण्यांसाठी, तपासणीसाठी बंद ठेवायचं आणि मुलांना भिंतीमागे पाठवायचं, हे अनेक ठिकाणी चालतं. शाळेच्या वेळात कुलूप नाही, हा ठराव शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. कुणी कुरकुर केली तर कायदा हाताशी ठेवा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहं हा शाळेचा निकष आहे. सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्व राज्यांना सहा महिन्यांच्या आत शाळांमध्ये स्वच्छतागृहांसह मूलभूत सोयी देण्याचा आदेश दिला होता. स्वच्छ विद्यालय उपक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत साधारण ४० मुलांमागे एक संडास आणि तीन मुताऱ्या असं प्रमाण धरलं आहे.

पैशाचं काय, हा प्रश्न लगेच येतो. समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांप्रमाणे ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान असतं, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. म्हणजे २,५०० रुपये. एवढ्यात नवं संडास होत नाही, पण दोन कड्या, चार मग, एक बल्ब, कपडे अडकवायचे हूक, पायपुसणं आणि काही महिन्यांचं फिनाईल नक्की होतं. अनुदान कधी येणार ते मुख्याध्यापकांना विचारा आणि यादी आधीच देऊन ठेवा. यादी तयार असेल तर पैसे दुसरीकडे वळत नाहीत.

शब्द कोणता, हे आधी ठरवा

एकी, दुकी, शू, शी, लघवी, संडास, बाहेरला, परसाकडे. घरागणिक शब्द वेगळा. ऊसतोडणीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलानं दाराचं संडास वापरलेलंच नसेल, असंही होतं. नंदुरबारकडच्या पावरी बोलणाऱ्या मुलाला किंवा तांड्यावरून आलेल्या मुलाला मराठी शब्दच माहीत नसतो. ते बिचारं उभं राहतं, आपण विचारतो "काय रे?", ते काही बोलत नाही आणि परत खाली बसतं. म्हणून पहिल्या पालकसभेत प्रत्येक आईबाबांना बाजूला घेऊन, रांगेत उभं न करता, एवढं विचारून घ्या : घरी कोणता शब्द आहे? बसायच्या भांड्याची सवय आहे की खुर्चीसारख्या कमोडची? चड्डी स्वतः काढता-घालता येते का? शी झाल्यावर स्वतः धुता येतं का? पोट साफ होतं का, की दोन-तीन दिवसांनी? कुठली औषधं चालू आहेत का?

उत्तरं एका वहीत लिहा. ही वही वर्गात उघडी पडू देऊ नका.

बोलायच्या शब्दाबरोबर एक खूण ठेवाच. करंगळी सगळ्यांना माहीत आहे, आणि तिच्यात आवाज नाही. माझ्या वर्गात करंगळी म्हणजे "जातो", आणि दोन्ही हात वर म्हणजे "फार घाई आहे, वाट सोडा". शी की शू हे वर्गात सांगायची सक्ती मी करत नाही. ते कळून आपण काय वेगळं करणार असतो?

पालकांना गणवेशाबद्दलही तेव्हाच सांगा. या वयाला इलास्टिकची चड्डी. पट्टा, हूक, घट्ट बटण नको, आणि चेन तर अजिबात नको. घाईत चेनीत कातडी अडकली की काय होतं ते ज्यानं एकदा पाहिलंय तो पुन्हा चेनीची पँट घालून मुलाला पाठवत नाही. शाळेचा गणवेशच तसा असेल तर पहिली-दुसरीला सवलत द्या, असं व्यवस्थापनाला लेखी सांगा.

पहिला आठवडा : अक्षरओळखीइतकंच हेही शिकवायचं

आपण गृहीत धरतो की मुलाला हे येतं. घरी आई असते, बाथरूम ओळखीचं असतं. इथे अंधारी खोली, अनोळखी वास आणि बाहेर उभी असलेली मुलं असतात. म्हणून चार-पाच मुलांचे गट करून त्यांना तिथे न्या. मुलींना बाई आणि मुलांना गुरुजी किंवा बाई. कपडे न काढता सगळं करून दाखवायचं : टकटक कशी, आत गेल्यावर पाटी कशी फिरवायची, पाय कुठे ठेवायचे. भांड्याच्या दोन्ही बाजूंना रंगानं पावलं काढून ठेवली तर तोंडानं काही सांगावं लागत नाही. बसल्यावर चड्डी गुडघ्यापर्यंत खाली आणि पुढे धरलेली, नाहीतर मागून भिजते. आधी थोडं पाणी भांड्यात ओतायचं, मग बसायचं, मग पुन्हा पाणी. आधी ओतलेल्या पाण्यानं नंतर भांडं पटकन साफ होतं, हे मुलांना फार आवडतं.

शहरातल्या शाळेत कमोड असेल तर अडचण वेगळी असते. पाय लोंबकळतात, आत पडू असं वाटतं, फ्लशचा आवाज दचकवतो. पायाखाली छोटा पाट द्या. पहिले काही दिवस "तू बाहेर ये, फ्लश मी करते" असं म्हणा. मुलांना बैठक उचलायला शिकवा आणि नंतर खाली ठेवायलाही.

धुण्याचा धडा टाळू नका. तो संकोचानं टाळला जातो आणि त्याची किंमत मुली भरतात. रबरी बाहुली घ्या आणि दाखवा : उजव्या हातात मग, डाव्या हातानं धुवायचं, आणि हात पुढून मागे न्यायचा, मागून पुढे कधीच नाही. शीतले जंतू लघवीच्या जागी जाऊ नयेत म्हणून हा नियम आहे, असं मुलींना कारणासकट सांगा. सहा वर्षांच्या मुलीला हे व्यवस्थित समजतं. घरी आईलाही हेच सांगायचं, म्हणजे दोन्हीकडे एकच पद्धत राहते.

मग हात. साबणाची वडी पहिल्याच दिवशी भांड्यात पडते किंवा हरवते. साबणाचे तुकडे जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधा. पिशवीच चोळायची. वीस सेकंद हे मुलाला कळत नाही, म्हणून एक ते वीस आकडे सावकाश मोठ्यानं म्हणत हात धुवायचे. जुलैअखेर पाढ्यांचीही तयारी होते.

वर्गातला नियम, एकेक करून

दाराजवळ मुलांच्या उंचीवर दोन खिळे ठोका आणि दोन पाट्या टांगा, एक मुलींची, एक मुलांची. जाताना पाटी उलटी करायची, आल्यावर सुलटी. पाटी बरोबर न्यायची नाही, कारण ती संडासात पडते, ओल्या हातानं धरली जाते आणि मग तोंडातही जाते. पाटी उलटी असेल तर पुढच्यानं थोडं थांबायचं. दोन्ही हात वर असतील तर थांबायचं नाही, सरळ जायचं. शिकवणं चालू असताना मूल उठतं, पाटी फिरवतं, जातं. मी मान हलवते. यात एक शब्दही बोलावा लागत नाही, आणि धडा तुटत नाही. परवानगीच्या पद्धतीत धडा जास्त तुटतो हे दोन्ही करून पाहिल्यावरच सांगते आहे.

याच्या जोडीला ठरलेल्या वेळा ठेवा : परिपाठ संपल्यावर, मधल्या सुट्टीच्या सुरुवातीला (जेवणाआधी, म्हणजे हातही धुतले जातात), दुपारच्या सत्रात मध्ये एकदा, आणि घरी निघण्याआधी. रिक्षा-बसनं जाणाऱ्या मुलांना शेवटची वेळ चुकवू देऊ नका. या वेळांना "चला, ज्याला जायचंय त्यानं जाऊन या" एवढंच म्हणायचं. जबरदस्तीनं बसवायचं नाही. आणि वेळ ठरली आहे म्हणून मधल्या वेळी मनाई, असं तर मुळीच नाही. तसं झालं की ठरलेल्या वेळाच शिक्षा बनतात.

पाणी पिण्याची वेळही यात गुंफा. केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये मुलांना पाण्याची आठवण करून देणारी घंटा सुरू केली आणि इतर राज्यांनी ती उचलली. घंटा चांगलीच आहे, पण संडासाला कुलूप असेल तर ती निरुपयोगी आहे. मूल पाणी तेवढंच पिणार जेवढं बाहेर सोडायची सोय आहे.

एकटं पाठवायचं की जोडीनं? बालवाडीत मदतनीस ताई किंवा मावशी बरोबर हवीच. पहिली-दुसरीत मी जोडीनं पाठवते, जोडीदार दाराबाहेर थांबतो. जोडी खेळत बसते अशी तक्रार येते, आणि ते खरंही आहे. तरी मला एकट्या मुलापेक्षा खेळणारी जोडी परवडते. वरच्या वर्गाच्या मुलामुलींना मात्र लहानांना नेण्याचं, धुण्याचं काम कधीही देऊ नका.

"एक गेला की दहा जातात" याचं उत्तर सगळे विचारतात. पहिले दोन-तीन आठवडे जाऊ द्या. मुलं नियम खरा आहे का ते तपासून बघत असतात. बाई खरंच अडवत नाहीत हे कळलं की जुलैच्या मध्यापर्यंत ही लाट आपोआप ओसरते. त्यानंतरही एखादं मूल वारंवार जात असेल तर आठवडाभर वहीत वेळ लिहा. रोज गणिताच्याच तासाला जात असेल तर दुखणं गणितात आहे, तिथे जवळ बसून बघा. दिवसभर, जेवतानाही, खेळातूनही उठून जात असेल तर शरीरात काही आहे. दोन्ही वेळी "नाही" म्हणून काहीच सुटत नाही.

आणि काही गोष्टी वर्गातून कायमच्या काढून टाका. दिवसातून दोनदाच, असा आकडा. न गेलेल्या मुलांना चांदणी. वर्गमंत्र्याच्या हातात परवानगी. गेल्याबद्दल उभं करणं, टोमणा मारणं, नाव ठेवणं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही मनाई केली आहे. भर वर्गात लघवी आवरायला लावणं यात बसतं, असं मी मानते.

चड्डी ओली झाली तर

होणारच. वर्षात एकदाही झाली नाही असा पहिलीचा वर्ग मी पाहिलेला नाही. म्हणून कपाटात एक पिशवी तयार ठेवा : वेगवेगळ्या मापाच्या चार-पाच इलास्टिकच्या चड्ड्या, एक-दोन झगे, जुना टॉवेल, साबण, जाड पिशव्या, रद्दी. गावात मागितलं की जुने कपडे मिळतात.

प्रसंग घडला की तुमचा चेहरा पहिल्यांदा बघितला जातो. तो बदलू देऊ नका. वर्गाला लगेच काहीतरी काम द्या, उभं राहून गाणं किंवा पाटीवर चित्र. मी कधी कधी माझी पाण्याची बाटली तिथेच सांडते, "अगं बाई, माझ्या हातून सांडलं" म्हणते आणि दोन्ही ओल एकत्र पुसते. सहा वर्षांची मुलं विश्वास ठेवतात.

मुलाला बाहेर नेताना दुसरी एक मोठी बाई दिसेल अशी राहू द्या. मूल स्वतः बदलेल, आपण कपडे हातात द्यायचे. ओले कपडे एका पाण्यातून काढून, पिळून, पिशवीत बांधून दप्तराच्या तळाशी ठेवायचे. हातात धरून घरी पाठवायचे नाहीत. मग मूल त्याच्या त्याच जागेवर बसतं.

पालकांना सांगताना फाटकात, चार जणांत सांगू नका. व्हॉट्सॲपच्या गटावर तर नाहीच. एकट्या आईला किंवा बाबांना फोन करून : "आज त्याला वेळेवर जमलं नाही. कपडे बदललेत, तो मजेत आहे. घरी काही बोलू नका. उद्या जुने कपडे परत द्या." ही चार वाक्यं पुरतात. "घरी काही बोलू नका" हे मुद्दाम म्हणायचं, कारण काही घरांत यावर मार बसतो.

शी झाली तर धुवायचं कुणी, यावर शाळेत वाद होतात. तो वाद त्या क्षणी, मूल तसंच उभं असताना घालू नका. जूनमध्येच ठरवा. कोण करेल तिचं नाव, ती बाई असावी, दार पूर्ण बंद नको पण आडोसा हवा, आणि मुलाला जेवढं जमतं तेवढं त्यानंच करायचं. पालकांची लेखी संमती वहीला जोडा. आईला बोलावून येईपर्यंत मुलाला तसंच ताटकळत ठेवणं मला मान्य नाही. पंधरा मिनिटं मोठ्या माणसालाही सहन होणार नाहीत.

सुरक्षितता : इथे सवलत नाही

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर जो लैंगिक अत्याचार झाला, तो स्वच्छतागृहाशी जोडलेला होता. त्यानंतर प्रत्येक शाळेनं ही जागा नव्यानं तपासायला हवी होती. काहींनी तपासली. तुमच्या शाळेनं तपासली नसेल तर हे आज करा.

मोठ्यांचं आणि मुलांचं संडास वेगळं. लहान मुलींच्या बाजूला फक्त स्त्री कर्मचारी. सफाई शाळा भरण्याआधी, मधल्या सुट्टीनंतर मुलं वर्गात गेल्यावर, आणि शाळा सुटल्यावर. सफाई चालू असताना मूल आत नाही. बाहेरचे गवंडी, नळवाले, रंगारी आले की त्यांच्याबरोबर कुणीतरी थांबायचंच. सीसीटीव्ही बाहेरच्या वाटेवर, आत किंवा दाराच्या आतलं दिसेल असा कधीच नाही, आणि चित्रण कोण बघतं तेही लिहून ठेवा. कुठलाही मोठा माणूस एका मुलासोबत बंद दाराआड नाही, यात आपणही आलो.

मुलांना शिकवताना भीती घालू नका. "तुझी चड्डीच्या आतली जागा तुझी आहे. धुवायला मदत लागली तर मावशी विचारून करेल. कुणी उगाच हात लावला, बघितलं, किंवा कुणाला सांगू नको म्हटलं, तर लगेच बाईंना आणि आईला सांग." महिन्यातून एकदा हे साध्या आवाजात, हात धुण्याच्या नियमांसारखंच म्हणायचं.

आणि एखाद्या मुलानं काही सांगितलंच, तर खोदून खोदून विचारू नका, त्याला चारचौघांसमोर पुन्हा बोलायला लावू नका. त्याचेच शब्द लिहून ठेवा. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा २०१२, यानुसार असा प्रकार कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि दडवणं हा गुन्हा आहे. "आधी आपल्यात चौकशी करू" हे म्हणायला शाळेला जागाच नाही. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ दारामागे मोठ्या आकड्यांत लिहा. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेली शाळेची सखी सावित्री समिती नुसती कागदावर असेल तर तिची बैठक याच विषयावर घ्या.

डॉक्टरकडे कधी पाठवायचं

लघवी करताना जळजळ, रडणं, ताप, उग्र वास किंवा लालसर रंग. आधी महिनोन्‌महिने कोरडं राहणारं मूल अचानक ओलं व्हायला लागणं. चड्डीला सतत शीचे डाग. याला आळस म्हणू नका, साचलेल्या मळाच्या कडेनं पातळ शी नकळत झिरपते. आणि एक फार महत्त्वाचं : मूल सारखं पाणी पितंय, सारखं लघवीला जातंय, आणि वाळत चाललंय. लहान वयातल्या मधुमेहाची ही लक्षणं असू शकतात. त्याच दिवशी रक्तातली साखर तपासायला सांगा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

आपण निदान करायचं नाही, वही दाखवायची. "गेल्या आठ दिवसांत एवढ्या वेळा" हे डॉक्टरला उपयोगी पडतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी ही नावं पथकातल्या डॉक्टरांना बाजूला नेऊन सांगा.

दिव्यांग मुलासाठी भिंतीला धरायचा दांडा आणि उतार एवढ्यानं अर्धी अडचण सुटते. उरलेली अर्धी त्याच्या आईला विचारल्यावर सुटते. बोलता न येणाऱ्या मुलासाठी दप्तराला संडासाचं छोटं चित्र बांधा, त्यानं फक्त बोट ठेवायचं.

सफाईबद्दल दोनच गोष्टी. संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र ओतू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत जीवावर बेततं. आणि संडास धुणं हे कुठल्याही मुलाला शिक्षा म्हणून देऊ नका. कुणाला देता यात जात आपोआप शिरते, आपल्या लक्षात येवो न येवो. लहान वर्गाला मग जागेवर ठेवणं आणि पाणी ओतणं एवढंच काम पुरे.

दिवाळीनंतर पुन्हा एकदा

सुट्टीत सवयी मोडतात. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी पुन्हा पाट्या, पुन्हा टकटक, पुन्हा एक ते वीस. नवीन दाखल झालेल्या मुलाला जुन्या मुलांनी सगळं दाखवायचं, ते आपल्यापेक्षा चांगलं दाखवतात. सहलीला निघताना बसचालकाला आधीच सांगायचं की दर दीड-दोन तासांनी थांबायचं, आणि कपाटातली कपड्यांची पिशवी बसमध्ये घ्यायची.

एप्रिलच्या शेवटी पुढच्या वर्गाच्या बाईंकडे मुलं सोपवताना मी प्रगतिपुस्तकांबरोबर वहीतलं एक पान देते. कुणाची करंगळी अर्धीच वर होते, आणि कुणाची होतच नाही, त्या मुलांची नावं त्यावर असतात.